चित्रकार स्त्रियांचे गावातले मुक्काम

कला-निवास, म्हणजेच आर्टिस्ट रेसिडेन्सी, चित्रकाराला काही आठवडे राहण्या-जेवणाची सोय, कामाला जागा आणि इतर कलाकारांची सोबत देते. ती गावात असली की मोठी जागा कमी भाड्यात मिळते. ओले कॅनव्हास, अर्धवट लाकूडकाम रोज आवरून ठेवावे लागत नाही. स्त्री-चित्रकारांना मात्र सर्वांत आधी हवा असतो तो सलग वेळ. स्वयंपाक, मुले, आजारपणे, पैपाहुणे यांतून उरलेल्या तासाभरात मोठे काम उभे राहत नाही. म्हणून त्यांच्यासाठीच्या मुक्कामात डोंगर-झाडीआधी चूल कोण सांभाळते आणि खर्च कोण उचलतो, हे प्रश्न येतात.

गावात स्त्रियांनी मिळून चित्र काढणे महाराष्ट्राला नवे नाही. नाशिकजवळच्या ओझरहून पश्चिमेला दिंडोरी ओलांडले की पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात आणि घाटाखाली जव्हार-डहाणूच्या पट्ट्यात वारली वस्ती आहे. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर लग्नचौक लिहितात. कुडाची भिंत शेणाने सारवून, गेरू फासून तयार होते. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. चौकटीत पालघट देवी येते, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री-पुरोहित, गाणी म्हणते. चौक लिहिणे हा लग्नविधीचाच भाग असल्याने त्या दिवशी चित्र काढणे हेच सवाशिणींचे काम ठरते.

१९७०च्या दशकात मुंबईच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरचे भास्कर कुलकर्णी यांनी या वस्त्यांत कागद आणि रंग नेले. भिंतीवरचे चित्र विकता येत नव्हते, कागदावरचे येऊ लागले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला विधीबाहेर नेऊन जगभर पोहोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाजार आला तसे पुरुष चित्रकार पुढे आले आणि चौक लिहिणाऱ्या बहुतेक स्त्रिया निनावीच राहिल्या.

शहरातल्या स्त्री-चित्रकारांनाही आपली जागा स्वतःच उभी करावी लागली. न्यूयॉर्कमध्ये १९७२ साली स्त्री-कलाकारांनी ए.आय.आर. ही सहकारी गॅलरी काढली. मुंबईच्या नलिनी मलानी यांनी १९७९ मध्ये ती पाहिली आणि स्त्रियांचे असे प्रदर्शन भारतात भरवायचे ठरवले. १९८७ ते १९८९ या काळात अर्पिता सिंग, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि मलानी यांचे ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ देशात ठिकठिकाणी फिरले.

गावातल्या मुक्कामाचे ठळक उदाहरण लेखिका आणि शिल्पकार केट मिलेट यांचे. १९७८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या शेतावर स्त्रियांची कला-वसाहत सुरू केली. राहणाऱ्या स्त्रिया दिवसाचा काही भाग शेतात राबत आणि उरलेला वेळ आपल्या कलेला देत. नाताळची झाडे लावून विकायची आणि त्यावर वसाहत चालवायची, अशी ती योजना होती.

आपल्याकडे मुंबईच्या चित्रकार नवज्योत अल्ताफ १९९७ पासून बस्तरमधल्या कोंडागावात शांतीबाई, राजकुमार कोर्राम आणि घेस्सूराम विश्वकर्मा या स्थानिक कलाकारांसोबत काम करू लागल्या. त्यांनी मिळून हातपंपांभोवतीचे ‘नळपार’ नव्याने बांधले. भरलेली घागर जमिनीवरून थेट डोक्यावर घेताना कंबर धरते, म्हणून तिथे घागर टेकवायला उंचीवर टप्पे केले. शिल्पाचे माप पाणी भरणाऱ्या बायकांच्या गरजेवरून ठरले.

स्त्रियांसाठी जागा राखली की ‘स्त्री’मध्ये कोण मोडते, हा प्रश्न येतोच. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीय लिंगाला कायदेशीर मान्यता दिली. २०१६ मध्ये बेंगळुरूत पूर्णिमा सुकुमार यांनी सुरू केलेल्या अरवानी आर्ट प्रोजेक्टमध्ये पारलिंगी आणि इतर स्त्रिया मिळून शहरांतल्या भिंती रंगवतात. स्वतःला ना स्त्री ना पुरुष मानणाऱ्या, म्हणजे नॉन-बायनरी कलाकारांना मुक्कामात घ्यायचे तर त्याची तजवीज अर्जापासून करावी लागते: सांगितलेले नाव आणि लिंग मान्य करणे, स्वतंत्र खोली, कडी लागणारे न्हाणीघर, गावकऱ्यांशी आधी बोलणे.

ओझरसारखे ठिकाण अशा मुक्कामाला सोयीचे आहे. मुंबई-आग्रा महामार्ग गावातून जातो, नाशिकचा विमानतळ इथेच आहे आणि वारली वस्तीचे डोंगर फार दूर नाहीत. पण रस्ते असले तरी बाकीची सोय करावीच लागते. स्वयंपाकाला पगारी माणूस, मुलांना सांभाळणारे कोणी आणि साहित्याचा खर्च हे अंदाजपत्रकात आधी धरावे लागते. गावातली बाई चौक लिहायला शिकवणार असेल, तर तिला पाहुण्या कलाकाराइतकेच मानधन आणि चित्राखाली तिचे नाव, हेही ठरवूनच घ्यावे लागते.