शोकेसमधील फुलदाणी आणि भट्टीवरचे हात

चाळीतील खोली सोडून आपली अनेक कुटुंबे आता नव्या इमारतींत राहावयास जात आहेत. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर मोठे झाले की शोकेस येते आणि शोकेस आली की 'क्रिस्टल'ची फुलदाणी आलीच!

परळच्या एका ओळखीच्या घरी आम्ही गेलो होतो. ताईंनी अडीच हजारांची फुलदाणी कौतुकाने दाखविली. हाती घेऊन पाहतो, तर दोन्ही बाजूंना वरून खाली साच्याची रेघ! ती साधी, साच्यात दाबलेली काच होती. ताईंचा चेहरा उतरला. मुलीच्या क्लासच्या फीतून वाचविलेले पैसे होते ते. म्हणून हा लेखप्रपंच.

क्रिस्टल म्हणजे स्फटिक नव्हे, ती काचच. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळविला की साधी काच होते. चुन्याऐवजी शिशाचे ऑक्साइड घातले की काच जड होते, जास्त चमकते आणि कापायला मऊ पडते. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ साली अशा काचेचे पेटंट घेतले. युरोपातील नियमानुसार 'लेड क्रिस्टल' म्हणविण्यास किमान २४ टक्के शिशाचे ऑक्साइड लागते. अशा भांड्यात फुले खुशाल ठेवा. लोणचे किंवा सरबत साठवू नका, शिसे त्यात उतरते.

कारागीर लोखंडी नळीच्या टोकाला तापलेला गोळा घेतो, फुंकतो आणि सतत फिरवीत आकार देतो. मग वस्तू हळूहळू थंड करावी लागते, नाहीतर तडकते. नक्षी फिरत्या चाकावर कापतात. म्हणूनच हाताने कापलेल्या नक्षीच्या कडा बोटाला धारदार लागतात, साच्यातल्या बोथट.

ही विद्या आपल्या मुलखालाही परकी नाही. लोकांकडून पैसा-पैसा जमवून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काचकारखाना १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे निघाला. जपान व अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे तज्ज्ञ होते. पुढे कराडजवळ ओगलेवाडीच्या काचकारखान्यातून 'प्रभाकर' कंदील आला. त्याच्या उजेडात कितीतरी घरांतील पहिली पिढी शिकली. काचेचे याहून मोठे काम कोणते?

पण भट्टीपुढे उभे राहणाऱ्याला काय मिळते? फिरोजाबादच्या काचधंद्यात वर्षानुवर्षे लहान मुले राबली. २०१६ च्या कायदादुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामाला ठेवण्यास बंदी झाली. मात्र शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करण्याची सूट राहिली. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही केवळ कामाची नव्हे, तर काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. वस्तूचे मोल करताना ती घडविणाऱ्याचे मोल आपण तरी विसरू नये.

खरा स्फटिक पाहावयाचा तर सोपारा आठवा. तेथील स्तूपाचे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले. दगडी पेटीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक एकात एक ठेवलेले होते. सर्वांत आत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे! ते तथागतांच्या पात्राचे मानले जातात. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. सोने आणि स्फटिक बाहेर, मातीचे पात्र आत. कशासाठी काय जपायचे, हे त्या काळच्या उपासकांना नेमके ठाऊक होते.

तेव्हा माता-भगिनींनो, फुलदाणी जरूर घ्या; पण रेघ पाहा, कडा चाचपा, वजन करा आणि मगच पैसे द्या. मुलांची फी मात्र आधी भरा. परळच्या त्या ताईंनी फुलदाणी टाकली नाही. शोकेसमधून काढून तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे ठेवली आहे. रोज ताजा झेंडू असतो तिच्यात. जयभीम!