रंग गेला, राख उरली

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील तालुके इतरांची तहान भागवतात. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पुढे भातसा धरणही त्याच कामी आले. मुरबाड तालुक्यातील गावांच्या जमिनी बारवी धरणाखाली गेल्या आणि ते पाणी शहरांना व कारखान्यांना मिळू लागले. शहापुरातील पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. इथल्या काळू आणि भातसा या नद्या पुढे उल्हास नदीला मिळतात. त्याच खोऱ्यात अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी आहे. उल्हासनगरात जीन्स धुतलेल्या पाण्याने ती निळी झालेली अनेकांनी पाहिली आहे.

कापड रंगवताना सगळा रंग धाग्याला धरत नाही. उरलेला धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. उन्हाने, साबणाने फिका पडू नये अशाच रीतीने तो घडवलेला असल्यामुळे नदीतही तो सहज नष्ट होत नाही. एका लिटरमध्ये मिलिग्रॅमभर रंगही डोळ्यांना जाणवतो. पाणी गडद झाले की सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचत नाही आणि पाणवनस्पतींकडून मिळणारा प्राणवायू घटतो.

असा रंग काढण्यासाठी सक्रिय कोळसा उत्तम. त्याच्या एका ग्रॅमच्या सूक्ष्म छिद्रांतील पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो आणि त्यावर रंगाचे रेणू चिकटून राहतात. यालाच अधिशोषण म्हणतात. पण हा कोळसा महाग. म्हणून संशोधकांची दृष्टी उद्योगांच्या टाकाऊ पदार्थांकडे वळली: औष्णिक वीजकेंद्रांची उडती राख, साखर कारखान्यांतील बगॅसची राख, ॲल्युमिना कारखान्यांचा लाल गाळ. भातशेतीच्या या तालुक्यांत सर्वांत जवळचा पदार्थ म्हणजे गिरणीतले तूस. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते, आणि ते जाळल्यावर त्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा राख उरते. त्या राखेत मुख्यतः सिलिका असते. (तूस पूर्णपणे टाकाऊ आहे, असे मात्र वीटभट्टीवाल्यापुढे म्हणू नये, त्याचे ते इंधन आहे.)

मात्र कोणतीही राख कोणताही रंग धरत नाही. सिलिकेच्या पृष्ठभागावर साधारण पाण्यात ऋण भार असतो. त्यामुळे मिथिलीन ब्ल्यूसारखे धनभारित रंग तिला पटकन चिकटतात. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित असतात. ते दूर लोटले जातात. त्यांच्यासाठी पाणी आम्लधर्मी करावे लागते किंवा आम्लाने धुतलेला लोहयुक्त लाल गाळ वापरावा लागतो. जीन्सची नीळ तर पाण्यात विरघळतच नाही. तिचे कण तुरटीने खाली बसवणे अधिक सोपे. प्रयोगशाळेत एका शुद्ध रंगावर मिळालेले यश कारखान्याच्या मिश्र, खारट, साबणयुक्त सांडपाण्यात तसेच मिळेल असे धरून चालणे घाईचे होईल.

मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. अधिशोषणाने रंग नष्ट होत नाही. तो पाण्यातून राखेत जातो. आपल्याकडे पाणी गाळल्यावर गाळण्यात उरलेली जिवाणी, म्हणजे गाळण्यावरचे सूक्ष्म जीव, ज्या जलाशयातले त्याच जलाशयात हळुवारपणे सोडण्याची रीत आहे. गाळण्यावर काय राहिले याची जबाबदारी गाळणाऱ्याने घ्यायची, ही दृष्टी त्यात आहे. रंगाने भरलेल्या राखेची जबाबदारी मात्र उलटी आहे: तिला पाण्यापासून दूरच ठेवले पाहिजे. उडत्या राखेत मुळातच आर्सेनिक, शिसे, क्रोमियम यांचे अंश असू शकतात. ती सिमेंटच्या विटांत मिसळता येते. पण विटेतून रंग वा धातू झिरपत नाहीत ना, हे तपासावे लागते. भट्टीत जाळली तर धूर तपासावा लागतो. दोन्ही शक्य नसेल तर ती घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात पोचवावी लागते, आणि तो खर्च फुकट मिळालेल्या राखेच्या हिशेबात सहसा धरलेला नसतो. तो टाळण्यासाठी ती राख नदीकाठी ढीग घालून ठेवली, तर जुलैमधल्या घाटाखालच्या पावसाला ती पुन्हा काळूत नेऊन सोडायला एक रात्र पुरते.