राजुऱ्याची यादी, गडचिरोलीची यंत्रे आणि मतचोरीचा वाद

सिमेंटचे कारखाने, कोळशाच्या खाणी, कापसाची शेते आणि माणिकगडच्या डोंगरावरचे जिवतीचे पठार एवढे सगळे पोटात घेऊन बसलेला राजुरा हा विधानसभेचा मतदारसंघ. एरवी चंद्रपूर जिल्ह्याबाहेर त्याचे नाव निघण्याचे काही कारण नसे. परंतु १८ सप्टेंबर २०२५ रोजी लोकसभेतील विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी दिल्लीतील पत्रकार परिषदेत, या मतदारसंघात ६,८५० बनावट मतदारांची नावे ऑनलाइन पद्धतीने घुसवण्यात आल्याचा आरोप केला आणि राजुरा एका दिवसात देशभर गाजले. २०२४ च्या नोव्हेंबरात तेथे भारतीय जनता पक्षाचे देवराव भोंगळे यांना ७२,८८२ आणि काँग्रेसचे सुभाष धोटे यांना ६९,८२८ मते पडली होती, अंतर ३,०५४. आरोपातील आकडा या अंतराच्या दुपटीहून मोठा असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात वजाबाकी आपोआप होते, आणि जी वजाबाकी आपोआप होते तिच्यातील मूळ रक्कम तपासण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

ती रक्कम तपासू लागले की पहिला गैरसमज समोर येतो. निवडणूक प्रशासनाने दिलेल्या माहितीनुसार १ ते १७ ऑक्टोबर २०२४ या काळात राजुऱ्यात नवीन नोंदणीचे ७,५९२ अर्ज आले. छाननीत अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, आवश्यक पुरावा वा छायाचित्र जोडलेले नाही, असे दोष आढळून त्यांपैकी ६,८६१ अर्ज अवैध ठरले व नामंजूर झाले, आणि १९ ऑक्टोबर रोजी, म्हणजे मतदानाच्या महिनाभर आधी, राजुरा पोलीस ठाण्यात गुन्हाही नोंदवण्यात आला. अर्ज करणे आणि नाव चढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नमुना ६ चा अर्ज आला म्हणजे तो हरकतींसाठी प्रसिद्ध व्हावा लागतो, मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने (बीएलओ) घरी जाऊन खातरजमा करावी लागते, आणि नोंदणी अधिकाऱ्याचा हुकूम झाल्याखेरीज यादीत नाव येत नाही. तेव्हा हे सारे अर्ज नामंजूर झाले असतील, तर त्यांच्या आधाराने मत पडणे शक्य नाही आणि ३,०५४ च्या अंतरातून ते वजा करताही येत नाहीत.

परंतु येथेच दुसऱ्या बाजूचा गैरसमज सुरू होतो, आणि तो मला अधिक घातक वाटतो. अर्ज पकडले गेले, सबब काही घडलेच नाही, असे सत्तापक्षाचे समर्थक म्हणू लागले. वस्तुतः एका मतदारसंघात अवघ्या सतरा दिवसांत सुमारे सात हजार खोटे अर्ज दाखल होणे ही कोणा उनाड पोराची थट्टा नव्हे. त्यामागे कोणीतरी बसून, ठरवून काम केले असले पाहिजे. चोर दाराशी पकडला गेला म्हणून घरफोडीचा तपास कोणी सोडून देत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम ३१ प्रमाणे नोंदणीसाठी जाणूनबुजून खोटे निवेदन करणे हाच स्वतंत्र अपराध आहे. त्या निवेदनावर पुढे मत पडले की नाही, याच्याशी त्या अपराधाला कर्तव्य नाही.

याच राजुरा मतदारसंघात यादीचा आणखी एक जुना पेच आहे, ज्याची वाच्यता मुंबई-दिल्लीच्या वादात क्वचितच झाली. जिवती तालुक्यात महाराष्ट्र व तेलंगणाच्या सीमेवरील चौदा गावांवर दोन्ही राज्ये आपला हक्क सांगत आली. मुकदमगुडा, परमडोली, अंतापूर ही त्यांतली नावे. तेथील अनेकांजवळ दोन्ही राज्यांची शिधापत्रिका, दोन्ही राज्यांचे मतदार ओळखपत्र, आणि दोन्ही राज्यांत मतदान केल्याचा अनुभव असतो. कायद्याच्या दृष्टीने एका माणसाचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांच्या यादीत असू शकत नाही, आणि दोन मतदारसंघांत मत दिल्यास त्याची दोन्ही मते रद्द ठरतात. तथापि ज्या कुटुंबाला शाळा एका राज्याची आणि रस्ता दुसऱ्या राज्याचा मिळतो, त्याने दोन्ही दारे उघडी ठेवली तर त्याला ‘बोगस मतदार’ म्हणताना माझी तरी जीभ अडखळते. यादीतील प्रत्येक दुबार नाव हा कटाचा पुरावा नसतो; पुष्कळदा तो सरकारी दिरंगाईचा पुरावा असतो.

यादी सोडून मतदान यंत्राकडे वळावे, तर प्रथम आडवे येतात ते टक्केवारीचे आकडे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी सायंकाळी पाच वाजता राज्यातील मतदान ५८.२२ टक्के सांगण्यात आले आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के निघाला. मधली लाखो मते अंधारात कोणी टाकली, असा सवाल सभांतून गर्जू लागला. याचे उत्तर गडचिरोलीच्या जंगलात चांगले सापडते. आरमोरी, गडचिरोली व अहेरी या मतदारसंघांत सुरक्षेच्या कारणास्तव मतदान दुपारी तीनलाच बंद व्हायचे होते. म्हणजे तीनच्या रांगेत उभे असलेले काही मतदार वगळता पाच वाजेपर्यंत तेथील काम उरकत आलेले असणार. तरी पाच वाजताच्या तक्त्यात गडचिरोली जिल्हा ६९.६३ टक्क्यांवर होता आणि अंतिम आकडा सुमारे ७५ टक्के झाला. भामरागड, एटापल्लीकडील ज्या केंद्रांवर कर्मचाऱ्यांच्या तुकड्या हेलिकॉप्टरने पोहोचवाव्या लागतात, तेथून दर दोन तासांचा आकडा वेळेवर येईल अशी अपेक्षा करणेच चूक. सायंकाळचा आकडा हा तेव्हा तोंडी कळवलेला अंदाज असे. खरा हिशेब नमुना १७-क मध्ये असतो, जो केंद्राध्यक्ष मतदान संपताच भरतो व ज्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला सही घेऊन देतो.

हा कागद मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत उपेक्षित दस्तऐवज वाटतो. मतमोजणीच्या दिवशी यंत्राने दाखवलेली एकूण मते आणि १७-क वरील एकूण मते जुळतात की नाही, हे उमेदवाराच्या माणसाला जागच्या जागी पाहता येते. पण त्यासाठी त्या केंद्रावर पक्षाचा माणूस सकाळपासून बसलेला हवा, आणि दुर्गम केंद्रांवर भल्याभल्या पक्षांची खुर्ची रिकामी असते, हे सांगायला लाजण्याचे कारण नाही.

गडचिरोलीविषयी आणखी एक संशय शहरात सहज बोलला जातो: नक्षल्यांचा बहिष्कार असताना, मैलोन् मैल चालत जाऊन आदिवासी इतके मतदान कसे करतील? याला इतिहास हेच उत्तर आहे. गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात २०१९ मध्ये ७२ टक्क्यांवर आणि २०२४ मध्येही त्याच्याच जवळपास मतदान झाले, आणि ते राज्यात अग्रभागी राहिले. २०२४ च्या त्या लोकसभेत काँग्रेसचे नामदेव किरसान निवडून आले. पाच महिन्यांनी विधानसभेला गडचिरोली भाजपला, आरमोरी काँग्रेसला आणि अहेरी अजित पवारांच्या राष्ट्रवादीला गेली. एवढ्यावरून यंत्र निर्दोष ठरते असे मात्र मी म्हणणार नाही. आपला पक्ष जिंकला की यंत्र शुद्ध व हरला की भ्रष्ट, हा तर्क जितका पोकळ, तितकाच त्याचा उलटा तर्कही पोकळ आहे.

यंत्राची परीक्षा वेगळ्या रीतीने होते. मतदाराला सात सेकंद दिसणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी पेटीत पडते आणि प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. महाराष्ट्रात २८८ मतदारसंघांतील अशा १,४४० व्हीव्हीपॅटच्या मोजणीत तफावत आढळली नाही, असे निवडणूक आयोगाने जाहीर केले. २६ एप्रिल २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सर्वच चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, परंतु दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत पाच टक्के यंत्रांच्या स्मृतिकोशाची तपासणी मागण्याचा हक्क दिला. त्या वेळी एका संचामागे ४७,२०० रुपये भरावे लागत. हक्क सात दिवसांचा आणि दर हा असा. श्रीमंत उमेदवाराला तो परवडत असे, जंगलातील अपक्षाला नाही.

कागदी मतपत्रिकेच्या काळी सर्व काही निर्मळ होते, ही समजूत तर विस्मरणातून जन्मलेली आहे. १९७१ च्या लोकसभेत इंदिरा गांधींना प्रचंड बहुमत मिळाल्यावर दक्षिण दिल्लीतून पराभूत झालेले जनसंघाचे बलराज मधोक यांनी, मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया करून मतदाराचा शिक्का पुसला व दुसरा उमटवला गेला, असा आरोप केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण आरोप टिकला नाही. मतदान केंद्रे बळकावण्याचा प्रकार तर इतका बोकाळला होता की १९८९ मध्ये त्यासाठी कायद्यात स्वतंत्र अपराध घालावा लागला.

३ डिसेंबर २०२४ रोजी सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी मतपत्रिकांवर स्वतःच फेरमतदान घेण्याचे ठरवले, तेव्हा प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवले. अशा मतदानाला कायद्यात किंमत नाही आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दिलेले मत गुप्त राहत नाही, हे खरे. पण गावाने आपल्या समाधानासाठी मांडलेल्या डावाला गुन्हा ठरवण्याची घाई सरकारने का करावी, हे मला उमगत नाही. १ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत विरोधी पक्षांनी काढलेला ‘सत्याचा मोर्चा’ यादीच्या शुद्धीसाठी होता आणि त्याचा हक्क निर्विवाद आहे. मोर्चाने मात्र निकाल फिरत नाही. घटनेच्या अनुच्छेद ३२९ प्रमाणे निवडणुकीला आव्हान केवळ निवडणूक अर्जाने देता येते. तो निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीसाठी नागपूर खंडपीठात, दाखल व्हावा लागतो. हा अर्ज पराभूत उमेदवारच करू शकतो असे नाही. त्या मतदारसंघातील कोणीही मतदार दोन हजार रुपये अनामत ठेवून तो करू शकतो. असे अर्ज नुसते कागदावर राहत नाहीत: १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक न्यायालयाने याच मार्गाने रद्द केली होती. परंतु अंतिम यादीत अमुक नाव चुकीने आले, ही तक्रार त्या अर्जात सहसा चालत नाही. तिचे स्थान यादीच्या वेळची हरकत व जिल्हाधिकाऱ्यांकडील अपील हे आहे. यादीची फिर्याद यंत्राच्या नावाने आणि यंत्राची फिर्याद यादीच्या नावाने केली की दोन्ही फिर्यादी बुडतात.

आयोगाचाही दोष येथे नोंदवला पाहिजे. २० डिसेंबर २०२४ रोजी निवडणूक संचालन नियमांतील नियम ९३ मध्ये दुरुस्ती होऊन केंद्रावरील चित्रीकरणासारखी इलेक्ट्रॉनिक कागदपत्रे जनतेच्या पाहणीच्या कक्षेबाहेर गेली, आणि ३० मे २०२५ च्या सूचनेने निवडणूक अर्ज नसल्यास ते चित्रीकरण ४५ दिवसांनंतर नष्ट करण्यास मुभा मिळाली. अर्ज करावा की नाही हे ठरवण्यासाठी ज्याला पुरावा पाहायचा आहे, त्याला तो त्याच ४५ दिवसांत दाखवायचा नाही, अशी ही व्यवस्था आहे. संशय वाढवण्याची याहून सोपी युक्ती कोणत्याही विरोधकाला सुचली नसती.

राजुऱ्याच्या गुन्ह्याला मात्र ४५ दिवसांची ही मुदत लागू नाही. अर्ज ऑनलाइन आले, म्हणजे ते कोणत्या मोबाइल क्रमांकावरून व कोणत्या संगणकीय पत्त्यावरून आले, याची नोंद आयोगाच्या यंत्रणेत असली पाहिजे. ती मागण्याचा अधिकार तपास अंमलदाराला आहे, आणि ती देणे हे आयोगाचे काम आहे.