कानउघाडणी, खरडपट्टी आणि लाखोली : एक अर्थविचार

एखाद्यास कठोर शब्दांत बोलणे, या एका क्रियेसाठी मराठीत अनेक वाक्संप्रदाय रूढ आहेत. शालेय पुस्तकांत त्या सर्वांपुढे बहुधा ‘रागावणे’ एवढाच अर्थ दिलेला असतो. परंतु हे संप्रदाय एकमेकांच्या जागी बसत नाहीत. त्याचे कारण त्यांच्या मूळ चित्रात आहे.

‘कानउघाडणी’त ऐकणाऱ्याचा कान उघडला की तो सुधारेल, हे गृहीत असते. म्हणून ती वडीलधाऱ्याने वा हितचिंतकाने करावयाची. ‘सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाहीत’ ही म्हण हाच अधिकार सांगते. ‘हजेरी’ हा शब्द मुळात अरबी ‘हाजिर’पासून आला, ती वरिष्ठच घेतो. शिष्याने गुरूची हजेरी घेतली असे म्हटल्यास त्यात उपरोध तरी असतो, औद्धत्य तरी. ‘खरडपट्टी’ व ‘बिनपाण्याची हजामत’ यांत सुधारणेपेक्षा सोलवटणेच ठळक होते. ‘लाखोली’ म्हणजे देवाला लक्ष फुले वा पाने वाहणे. फुलांच्या जागी शिव्या आल्या की साहित्यशास्त्रातील विपरीतलक्षणा सिद्ध होते.

मूळ चित्र वाक्यरचनेतही टिकून राहते. आपण ‘त्याची’ खरडपट्टी काढतो, ‘त्याची’ हजेरी घेतो. पण शिव्यांची लाखोली ‘त्याला’ वाहतो. देवास मिळणारी चतुर्थी येथे अपराध्यासही मिळते.

अनुवादकास हा भेद टाळता येत नाही. इंग्रजीत ‘रायट ॲक्ट वाचून दाखविणे’ असा संप्रदाय आहे. १७१४ च्या त्या ब्रिटिश कायद्यानुसार बारा वा अधिक जणांच्या दंगेखोर जमावापुढे जाहीरनामा वाचला जाई व तासाभरात न पांगणारे कठोर शिक्षेस पात्र ठरत. इंग्लंडमध्ये तो कायदा १९६७ साली रद्द झाला. संप्रदाय मात्र उरला. त्यात पुढील शिक्षेची पूर्वसूचना आहे. तेव्हा ‘खरडपट्टी काढणे’ यापेक्षा ‘सज्जड दम देणे’ हेच त्यास जवळचे. नागपुरात तर हिंदी रोज कानांवर पडते. हिंदीतील ‘आड़े हाथों लेना’ म्हणजे फैलावर घेणे. मराठीत ‘आडवा हात मारणे’ म्हणजे भरपेट जेवणे. शब्दसाम्यावर विसंबणारा अनुवादक अपराध्यास पंगतीत बसवील.

सारांश, अशा संप्रदायाचा अर्थ देताना ‘रागावणे’ एवढे लिहून थांबू नये. कोण, कोणास, कोणत्या अधिकाराने व कोणत्या हेतूने बोलतो, हेही नोंदविले तरच तो अर्थ पूर्ण होतो.