हिरड्यांखालची वस्ती

हॉलंडमधल्या डेल्फ्टचा अँटोनी व्हॅन लेव्हेनहुक मूळचा कापडव्यापारी. रोज मिठाने दात घासायचा, दातकोरण्याने फटी साफ करायचा. तरीही दातांच्या मध्ये पिठासारखा पांढरा थर उरायचाच. तो त्याने पाण्यात कालवून स्वतः घडवलेल्या भिंगाखाली धरला, तर आत असंख्य जीव वळवळत होते. हे त्याने १७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. त्याने आणखी एक गोष्ट करून पाहिली. व्हिनेगरने चूळ भरली तरी थरातले जीव जिवंत राहिले. थर खरवडून व्हिनेगरमध्ये कालवला तेव्हा मात्र ते मेले. द्रव थराच्या आत पोहोचत नाही, हे त्याने तेव्हाच ओळखले. नुसत्या चुळा भरून का भागत नाही, याचे उत्तर आजही हेच आहे.

मानवी तोंडात जीवाणूंच्या सुमारे ७०० जाती आढळतात. बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपकारक. घासलेल्या दातावर काही तासांत स्ट्रेप्टोकॉकस चिकटतात, त्यांच्यावर इतर वस्ती करतात आणि हिरडीच्या कडेखाली, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे ऑक्सिजन न मानवणाऱ्या जाती वाढतात. त्यांतल्या पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिसला रक्तातले लोह लागते. हिरडी सुजून रक्त आले की त्याला आयते खाद्य मिळते.

१९६५ मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हुस येथे दंतसंशोधक हाराल्ड लो यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करायला सांगितले. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. सूज परतवता येते, हे इतक्या साधेपणाने दाखवणारे प्रयोग विरळाच. पण दुर्लक्ष होत राहिले आणि आजार हाडापर्यंत गेला, तर झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही.

सुजलेल्या हिरडीतून जीवाणू रक्तातही जातात. एरवी शरीर त्यांचा लगेच निकाल लावते. हृदयाची झडप खराब किंवा कृत्रिम असेल, तर ते तिथे घर करू शकतात. मधुमेहाशी नाते दुहेरी आहे: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांवर उपचार केल्यास साखरेची तीन महिन्यांची सरासरी थोडी उतरते. हृदयविकाराच्या झटक्याशीही संबंध दिसतो, पण हिरड्यांमुळेच झटका येतो हे सिद्ध झालेले नाही. तंबाखू दोन्हींना कारणीभूत असते, हे विसरून चालत नाही.

आपल्याकडे मिशरी लावणाऱ्या बायकांच्या बाबतीत ही तंबाखू विशेष फसवी ठरते. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येते आणि आजार झाकला जातो. दात हलू लागले तरी दवाखान्यात जायचे टाळतात, कारण मशीनने कीटण काढले की दात सैल होतात असा समज घरोघरी आहे. खरे तर हाड आधीच झिजलेले असते. कीटण निघून सूज उतरली की हाड झिजल्याने पडलेल्या फटी नुसत्या दिसू लागतात.