नवा कर्नेल आणि न उठणारा संगणक



विंडोज १० या प्रणालीचा नेहमींचा आधार मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं काढून घेतला. यंत्र धडधाकट, परंतु नव्या विंडोजच्या अटींत न बसणारें, अशी ज्यांची अडचण झाली, त्यांपैकीं कित्येकांनीं लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली पत्करली. तिच्या संसारांत एक प्रसंग कधीं ना कधीं येतोच. प्रणालीचा कर्नेल नवा केला जातो, यंत्र बंद करून पुन्हां चालू होतें, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी उमटून सारें स्तब्ध होतें.

अशा वेळीं घाबरलेला मनुष्य म्हणतो, "सगळेंच पुन्हां बसवूं या." खरा अनर्थ येथेंच होतो. नवी प्रणाली बसवितांना डिस्क बहुधा कोरी केली जाते, आणि घरच्यांचीं छायाचित्रें, वर्षांचे हिशेब, मुलीचा अर्धा लिहून झालेला प्रबंध, हें सर्व त्याबरोबर जातें. वास्तविक संगणक उठत नाहीं याचा अर्थ मजकूर नष्ट झाला असा नव्हे. बहुतेक वेळां तो डिस्कवर जागच्या जागीं असतो. त्याच्यापर्यंत पोहोंचण्याची वाट तेवढी मोडलेली असते. ती कोठें मोडली हें कसें ओळखावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा. स्मृतीची वांटणी, डिस्कची देवघेव, कळफलक व पडदा यांची व्यवस्था, हीं सर्व कामें त्याच्याकडे असतात. लिनक्सचा कर्नेल लायनस टोरव्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं, हेलसिंकी विद्यापीठांत विद्यार्थी असतांना, लिहावयास घेतला. त्यांत आजहि सतत सुधारणा होतात. कित्येक सुधारणा सुरक्षिततेच्या असतात. म्हणून भीतीनें नवा कर्नेल टाळीत राहणें हा उपाय नव्हे.

आतां यंत्र उठतें कसें तें पाहूं. पूर्वीं डाक एका जासूदाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं, अशी टप्प्याटप्प्यानें जात असे. येथेंहि तसेंच आहे. पहिला टप्पा यंत्राच्या मुख्य पाटीवर कोरलेल्या छोट्या कार्यक्रमाचा. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. तो 'ग्रब' नांवाच्या दुसऱ्या जासूदाला जागें करतो. ग्रब डिस्कवरून कर्नेल उचलून स्मृतींत आणतो. कर्नेल डिस्कचा मुख्य भाग उघडतो, आणि शेवटचा जासूद, बहुधा 'सिस्टिमडी', बाकीच्या सेवा सुरू करून आपल्यापुढें प्रवेशाचा पडदा मांडतो.

यांत एक गमतीचा पेंच आहे. डिस्क उघडण्यासाठीं कर्नेलला जीं साधनें लागतात, तीं पुष्कळदां त्याच डिस्कवर ठेवलेलीं असतात. तिजोरीची किल्ली तिजोरींतच राहावी, तसा हा प्रकार. म्हणून ग्रब कर्नेलबरोबर एक लहान गांठोडेंहि स्मृतींत आणून ठेवतो. त्याला 'इनिट्रॅमएफएस' असें अवघड नांव आहे. आपण त्याला शिदोरी म्हणूं. प्रत्येक कर्नेलची शिदोरी निराळी बांधावी लागते, आणि नव्या कर्नेलच्या वेळीं घोटाळा होतो तो पुष्कळदां येथेंच.

पडद्यावर 'कर्नेल पॅनिक' हे शब्द आले, आणि त्यांच्या आसपास मुख्य भाग उघडतां आला नाहीं अशी तक्रार असली, तर शिदोरी बांधलीच गेली नाहीं किंवा अर्धवट राहिली असा संशय प्रथम घ्यावा. याचें नेहमींचें कारण अगदीं घरगुती आहे: जागा संपली. कर्नेल व शिदोऱ्या ज्या 'बूट' नांवाच्या कप्प्यांत राहतात, तो कित्येक यंत्रांत लहान असतो. जुने कर्नेल सांचत जातात आणि नव्याचें सामान मांडतां मांडतां कप्पा भरतो.

पडदा नुसताच काळा राहिला, पण डिस्क चालल्याची चिन्हें दिसत असलीं, तर प्रणाली उठली असून चित्र दाखविणारा भाग तेवढा निकामी असण्याचा संभव आहे. एनव्हिडियासारख्या कंपन्यांचे जोडभाग त्या त्या कर्नेलसाठीं नव्यानें घडवावे लागतात. शिवाय 'सिक्युअर बूट' चालू असल्यास सही नसलेला जोडभाग कर्नेल स्वीकारीत नाहीं. ग्रबच्या ओळींत 'नोमोडसेट' हा शब्द तात्पुरता घालून पाहिल्यास पुष्कळदां साधा पडदा तरी मिळतो.

आणि 'इमर्जन्सी मोड' असे शब्द आले, तर डाक शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोंचली आहे. पूर्वीं जोडलेली एखादी डिस्क काढून टाकली, पण 'एफस्टॅब' या यादींत तिचें नांव राहिलें, एवढ्यानेंहि असें होतें. येथें दोष कर्नेलचा नव्हेच. महिनोन्महिने न थांबलेलें यंत्र नव्या कर्नेलच्या निमित्तानें प्रथमच पुन्हां सुरू झालें, आणि जुनी चूक त्या दिवशीं उघडी पडली.

पडद्यावर कांहींहि दिसो, पहिला उपाय एकच: जुन्या कर्नेलला हांक मारा. उबुंटू, डेबियन, फेडोरा या प्रणाली नवा कर्नेल बसवितांना आधीचा ठेवून देतात. फेडोरा तर नेहमींच्या मांडणींत तीन ठेवतो. यंत्र सुरू होतांच जुन्या यंत्रावर शिफ्ट, नव्यावर एस्केप ही कळ दाबली असतां ग्रबची यादी दिसते. तींतील 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून आधीचा क्रमांक निवडावा. तो उठला, तर यंत्र शाबूत आहे, मजकूर शाबूत आहे, आणि दोष नव्या कर्नेलच्या सामानांत आहे, हें सिद्ध झालें. तोहि न उठला, तर संशयाचा रोख डिस्क, ग्रब किंवा एफस्टॅबकडे वळवावा.

जुन्या कर्नेलवर उभे राहून दुरुस्ती सोपी होते. प्रथम बूट कप्प्यांतील जागा पाहावी. अडगळीचे कर्नेल प्रणालीच्या रीतसर साधनानेंच काढावेत, हातानें पुसूं नयेत. आणि ज्यावर आपण उभे आहों तो तर मुळींच काढूं नये. मग नव्याची शिदोरी पुन्हां बांधावी: उबुंटू व डेबियनवर 'अपडेट-इनिट्रॅमएफएस', फेडोरावर 'ड्रॅकट'. शेवटीं ग्रबची यादी ताजी करावी.

एकहि कर्नेल उठेना, तर यूएसबी कांडीवरील फिरती लिनक्स प्रणाली वापरावी. ती डिस्कला हात न लावतां चालते. तिच्यावरून प्रथम सगळा महत्त्वाचा मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा, आणि दुरुस्तीचा विचार त्यानंतर करावा. डिस्कला कूटकुलूप असेल, तर त्याचा परवलीचा शब्द हाताशीं हवा. तो हरवला असतां ही वाटहि बंद होते.

म्हणून नवा कर्नेल घेण्यापूर्वीं चार गोष्टी पाहून ठेवाव्यात. मजकुराची प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी. बूट कप्प्यांत जागा असावी. यूएसबी कांडी तयार असावी. आणि आधीचा एक चालता कर्नेल जागेवर असावा. आर्च लिनक्ससारखी प्रणाली जुन्याच्या जागीं नवा ठेवते. तेथें दीर्घ मुदतीचा, 'एलटीएस' म्हणून मिळणारा दुसरा कर्नेल मुद्दाम बसवून घ्यावा. नवा कर्नेल यंत्र दोन-चारदां नीट उठवून दाखवीपर्यंत जुन्याला निरोप देऊं नये.