भात्याची मोटार : घ्यावी कशी, सांभाळावी कशी

मंडळी, बाजारात बैल घ्यायला गेलो म्हणजे आपण काय पाहतो? शिंगांचा रंग नव्हे. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. आज अशाच एका जनावराविषयी बोलायचे आहे. फक्त हे जनावर लोखंडाचे आणि त्याचा गोठा इंग्लंडातला.

कॉव्हेन्ट्री शहरच्या जग्वार कारखान्याने १९९८ साली ‘एक्सकेआर’ नावाची दोन दारांची ऐषारामी, भरधाव मोटार काढली. ही जग्वार कंपनी पुढे २००८ साली मुंबईच्या टाटा मोटर्सने विकत घेतली, हे तुम्हांला ठाऊक असेलच. त्या पहिल्या एक्सकेआर गाड्या आज इंग्लंडात जुन्या म्हणून मूळ किमतीच्या लहानशा अंशात मिळतात. मग माणसाला मोह पडतो.

हिचे वैशिष्ट्य काय? लोहाराचा भाता आठवा. कोळसा तोच, पण वारा घातला की आच वाढते. इंजिनाचेही तसेच. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. साधे इंजिन स्वतःच्या दमाने ओढेल तेवढीच हवा घेते. एक्सकेआरमध्ये मात्र ‘सुपरचार्जर’ नावाचा भाता इंजिनात हवा कोंबतो. गिरणीच्या जात्यासारखा तोही पट्ट्यावर फिरतो, आणि फिरवणारे इंजिनच असते. याच चार लिटरच्या इंजिनाला भाता नसताना सुमारे २९० अश्वशक्ती मिळे. भाता बसवल्यावर ती ३७० झाली.

पण फुकट काही मिळत नाही. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड तापते ना? दाबलेली हवा तापतेच. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. म्हणून या गाडीत ती हवा थंड करायला पाण्याची वेगळी व्यवस्था आहे आणि ते पाणी फिरवायला विजेचा छोटा पंप आहे. तो बंद पडला तरी गाडी चालते, पण उन्हात तिचा जोर उतरतो. भात्याच्या दातेरी चाकांचे वंगणही निराळे. इंजिनाचे तेल बदलले म्हणजे तेही बदलले, असे समजू नये.

आता दात कुठे बघायचे ते सांगतो. सुरुवातीच्या इंजिनांत झडपा चालवणाऱ्या साखळ्या ताणून धरणारे भाग प्लॅस्टिकचे होते. उष्णतेने त्यांना तडे जातात. असा भाग तुटला की साखळी दाते सोडते, झडपा दट्ट्यांवर आदळतात आणि सबंध इंजिन निकामी होऊ शकते. पुढे कारखान्याने धातूचे भाग बसवले. तेव्हा हे भाग बदलले आहेत काय, हे आधी विचारावे. नुसत्या तोंडी ‘हो’वर जाऊ नये, मिस्त्रीची पावती मागावी. सुरुवातीच्या इंजिनांत नळकांड्यांच्या आतून निकेलचा खास लेप असे. गंधक जास्त असलेल्या पेट्रोलने तो झिजे. म्हणून प्रत्येक नळकांड्यातला दाब मोजून घ्यावा.

गिअरपेटीचे तेल जन्मभर बदलावे लागत नाही, असे कारखाना सांगे. पण जन्म कुणाचा? तेल संपले की पेटीचाही जन्म संपतो! जाणते मिस्त्री ते वेळेवर बदलायला सांगतात. पट्ट्याला भेगा आहेत काय, पाणी गळते काय, थंड इंजिन सुरू करताच खडखड होते काय, हे तर कुणालाही पाहता येईल. मालकाने गाडी आधीच तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे.

शेवटी खर्चाचे. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. जुनी झाली म्हणून ही मोटार पेट्रोल कमी पीत नाही, की तिचे ब्रेक आणि टायर स्वस्त होत नाहीत. म्हणून गाठीची सगळी रक्कम खरेदीत घालू नये. पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीची रक्कम बाजूला काढून उरेल त्यातच सौदा करावा. तेवढे उरत नसेल तर गाडी दुरून पाहावी, कौतुक करावे आणि घरी यावे.

आणि मंडळी, हे एकट्या जग्वारचे नाही. जुना ट्रॅक्टर घ्या, पाण्याचे इंजिन घ्या, हिशेब हाच. घेताना एकदाच पैसे मोजतो, पोसताना रोज मोजावे लागतात. रंगाला भुलू नका, दात बघा.